९९९९च्या जागी कालचा आकडा

धरणाच्या मोजमाप कचेरीत तिला समोर सगळे 'मॅडम' म्हणायचे आणि पाठीमागे 'रफूवाली'. हे नाव साहेबांनीच पाडलेलं, तेही कौतुकाने, त्यामुळे तिला त्याचा राग नव्हता.

धरणाच्या अंगात दोनशे आठ यंत्रं पुरलेली होती. काही मातीतल्या पाण्याचा दाब सांगायची, काही भिंत किती सरकली ते, तर काही भिंतीतून मिनिटाला किती लिटर पाणी झिरपतंय ते. दर तासाला प्रत्येक यंत्र एक आकडा पाठवायचं, आकडे एका फाइलीत रांगेने जाऊन बसायचे आणि सकाळी सात वाजता त्या फाइलीतून साहेबांचा अहवाल निघायचा. दुखणं एकच होतं. उंदराने वायर कुरतडली, वीज कडाडली, एखादा जोड गंजला, की यंत्र खऱ्या आकड्याऐवजी ९९९९ पाठवायचं. मग अहवालातली रेघ एकदम आभाळाला भिडायची आणि मुख्य कचेरीतून फोन यायचा, "तुमचं धरण आहे की कारंजं?"

तिच्या आधीचे कारकून ते नऊ एकेक करून शोधत आणि खोडत बसायचे. त्यातच अकरा वाजायचे. तिने आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यावर तोड काढली. तिच्याकडे एक छोटंसं साधन होतं. त्याला ना खिडकी ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, बस. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या रकान्यात बघायचं, कसला मजकूर शोधायचा आणि सापडला की त्या जागी काय ठेवायचं. तिने सांगितलं, आकड्याच्या रकान्यात बघ, चार नऊ लागोपाठ दिसले की तिथे त्याच यंत्राचा आधीचा आकडा ठेव. एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत काम संपलं.

साहेब मुद्दाम तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पुन्हा एकदा करायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाले, "हे तर रफू झालं. कुठे फाटलं होतं ते दिसतसुद्धा नाही."

पुढे तिने ती ओळ रोज पावणेसातला आपोआप चालेल अशी लावून टाकली. कचेरीचा संगणक जुना, त्यात जागा कमी. बदल करण्याआधीची मूळ फाइल जपून ठेवायची सोय त्या साधनात होती. ती तिने बंद केली. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. ती ओळ चालते आहे हेसुद्धा ती विसरून गेली होती, जसं आपण घरातल्या घड्याळाचा आवाज विसरतो.

त्या वर्षी जलाशय काठोकाठ भरला होता. एका मंगळवारी सकाळी साडेआठला ती नुकती येऊन बसली होती, तेवढ्यात बोगदेकाका दारात उभे राहिले. धरणाच्या पोटात तपासणीसाठी एक लांब बोगदा होता, आणि काका चौतीस वर्षं रोज सकाळी बॅटरी, पोलादी पट्टी आणि रजिस्टर घेऊन त्यात उतरत होते. निवृत्तीला सहा महिने राहिलेले. यंत्रं आल्यापासून त्यांचं रजिस्टर कोणी वाचत नसे, पण नियमात होतं म्हणून साहेब दर शनिवारी त्यावर सही ठोकत.

काका सहसा वर येत नसत. आज ओल्या बुटांनिशीच आत आले.

"पोरी, डाव्या खाचेला आज किती दाखवतंय?"

बोगद्याच्या डाव्या टोकाला एक पोलादी पत्रा आडवा बसवलेला होता आणि त्याच्या मधोमध निमुळती खाच कापलेली. त्या अंगाने झिरपलेलं सगळं पाणी त्या खाचेतून वाहायचं. खाचेत पाणी किती उंच चढलं ते मोजलं की गळती कळायची.

"एक्केचाळीस पॉइंट तीन," ती पडद्यावरच्या सकाळी सातच्या फाइलीकडे बघत म्हणाली.

"काल?"

"एक्केचाळीस पॉइंट तीन."

"परवा?"

तिने आकडे वर सरकवले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. तिचं बोट बटणावरच थांबलं. दर तासाला एक्केचाळीस पॉइंट तीन. एका दशांशाचाही फरक नाही.

"पाणी आहे की पुतळा?" काका म्हणाले. ते हसत नव्हते. "खाली ये जरा. मला शब्दांत सांगता येत नाही तुमच्यासारखं."

दोनशे बारा पायऱ्या होत्या. ती वर्षातून एखाददा उतरायची, तेही कोणी पाहुणे आले तर. खाली नेहमीसारखा गारवा होता, ओल्या चुन्याचा वास होता, आणि दिव्यांची रांग लांबवर बारीक होत गेलेली. पण पायऱ्या संपायच्या आधीच तिला एक आवाज आला. यापूर्वी इथे थेंबांचा आवाज यायचा, कोणी सावकाश टिचक्या वाजवाव्यात तसा. आता सलग घरघर होती.

काकांनी बॅटरी धरली. खाच दिसतच नव्हती. पाणी आख्ख्या पत्र्यावरून पलीकडे पडत होतं.

"हे केव्हापासून?"

"चढायला लागून अकरा दिवस झाले. रोज लिहितोय." काकांनी खिशातून काचेची बाटली काढली, पाण्यात बुडवली आणि तिच्या हातात दिली. "आणि हे परवापासून."

पाणी चहासारखं होतं. तिला धरणातलं फारसं कळत नसलं तरी एवढं ठाऊक होतं की प्रत्येक धरण झिरपतं. स्वच्छ पाणी झिरपलं तर कोणी घाबरत नाही. गढूळ पाणी म्हणजे ते येताना आतली माती सोबत घेऊन येतंय.

"काका, वर कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. साहेबांच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं, दोनदा बोललोही. ते म्हणाले, मॅडमच्या पडद्यावर तर सगळं ठीक आहे." त्यांनी बाटलीला बूच लावलं. "मला वाटलं, माझेच डोळे गेले असतील. तुमची यंत्रं कशाला खोटं बोलतील?"

यंत्रांचे आकडे गोळा करणारी लोखंडी पेटी बोगद्यातच, खाचेपासून वीस पावलांवर होती. आकडे वर पाठवायच्या आधी ती स्वतःकडे तीस दिवसांची नोंद ठेवायची. तिने काकांना बॅटरी धरायला सांगितलं, सोबत आणलेला लॅपटॉप पेटीला जोडला आणि मूळ नोंद उघडली.

डावी खाच: अकरा दिवसांपूर्वी दुपारी तीनला एक्केचाळीस पॉइंट तीन. चारला ९९९९. त्यानंतर सगळे ९९९९.

पेटीच्या दाराला आतून एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती, तिच्यात यंत्रांचं माहितीपुस्तक. यंत्रं बसवायला आलेला माणूस तिला म्हणाला होता, "चार नऊ म्हणजे यंत्र आजारी", आणि तिने तेवढंच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं. पुस्तक तिने कधी उघडलंच नव्हतं. आता तिने पानं उलटली. एकच ओळ होती: 'यंत्र बंद, किंवा मोजमाप यंत्राच्या कमाल मर्यादेपलीकडे.' खाचेच्या यंत्राची मर्यादा मिनिटाला साठ लिटर होती.

यंत्र आजारी नव्हतंच. ते अकरा दिवस दर तासाला ओरडून सांगत होतं आणि रोज सकाळी पावणेसातला तिची ओळ त्याच्या तोंडावर हात ठेवत होती.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

तिने तीच ओळ पुन्हा टाइप केली, फक्त या वेळी बदलायला नाही, नुसतं शोधायला. चार नऊ कुठे कुठे आहेत ते दाखव. पडद्यावर यादी उतरली. सतरा यंत्रं, सगळी डाव्या अंगाची. डावीकडे काँक्रीटची भिंत संपून मातीचा भराव सुरू व्हायचा आणि त्या भरावात पाण्याचा दाब सांगणारी सोळा यंत्रं एका रांगेत पुरलेली होती, जलाशयाकडून बाहेरच्या उताराकडे. तिने यादी तारखेप्रमाणे लावली. जलाशयाकडचं पहिलं यंत्र अकरा दिवसांपूर्वी गेलं होतं. दुसरं दुसऱ्या दिवशी. मग तिसरं, चौथं. क्रम कुठेही चुकला नव्हता. पाणी एकेक यंत्र ओलांडत बाहेर निघालं होतं. शेवटचं आज सकाळी सहाला गेलं होतं, आणि ते भरावाच्या बाहेरच्या अंगापासून सहा मीटर आत होतं.

दोनशे बारा पायऱ्या ती कशी चढली ते तिला नंतर आठवेना.

साहेब अहवालावर सही करत होते. तिने सगळं सांगितलं. सांगताना मध्ये कुठेही 'आपण' म्हणाली नाही, 'मी' म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "डावीकडची केबल एकच आहे, मॅडम. ती तुटली असेल. सतरा यंत्रं एकदम गेली, म्हणजे केबलच."

"एकदम नाही गेली, साहेब. एकामागून एक गेली. तारखा आहेत."

"मग जोड एकेक करून गंजले. पुढच्या आठवड्यात माणूस येतोच आहे तपासायला." त्यांचा आवाज समजुतीचा होता, पण हात टेबलाच्या कडेवरून इकडे तिकडे फिरत होता. "पाणी सोडायचं म्हणजे खालची वस्ती रिकामी करावी लागेल. चार हजार माणसं. आणि नंतर निघाली वायरच तुटलेली, तर लोक मला धरणात बुडवतील. तेवढं पाणी अजून आहे त्यात."

तेवढ्यात काका आत आले. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. वर येईपर्यंत ती त्यांच्या खिशात उभी होती आणि गाळ खाली बसायला लागला होता: तळाशी बोटभर तांबूस थर, वर धुरकट पाणी.

साहेबांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. तीस वर्षं धरणांवर काढलेला माणूस होता. त्यांना शिकवायची गरज नव्हती.

"रजिस्टर आणा," ते म्हणाले.

काकांनी ते बरोबरच आणलं होतं. साहेबांनी अकरा दिवसांची पानं वाचली. 'खाच पूर्ण भरली.' 'पत्र्यावरून पाणी.' 'आवाज वाढला.' 'पाणी गढूळ, साहेबांना सांगितले.' मधल्या दोन्ही शनिवारच्या पानांवर त्यांची स्वतःची सही होती, निळ्या शाईत, ऐटबाज.

त्यांनी रजिस्टर मिटलं. "मी आंधळा झालो होतो," असं काहीतरी ते पुटपुटले आणि फोन ओढला. सव्वादहा वाजले होते.

सांडव्याची दारं उघडायची तर नदीकडची गल्ली आधी रिकामी करायला हवी होती, कारण सोडलेलं पाणी सर्वांत आधी तिथेच शिरणार. नंतर खालची वस्ती, भराव फुटलाच तर म्हणून. साहेबांनी दुपारी दीडची वेळ ठरवली. भोंगा वाजला. पोलिसांच्या गाड्या उतारावरून खाली गेल्या.

तिचं घर खालच्या वस्तीतच होतं. नवरा बाहेरगावी कामाला, महिन्यातून एकदा यायचा. घरात सासूबाई, नणंद आणि तिची सात वर्षांची मुलगी. तिने नणंदेला फोन लावला.

"वन्सं, शाळेतून चिमीला घ्या आणि आईंना घेऊन वरच्या शाळेत जा. आत्ताच्या आत्ता."

"चिमीला आणलंय मी केव्हाच, भोंगा ऐकल्या ऐकल्या. तुझ्या सासूचं काय करू ते सांग. पलंगावर बसलीय आणि म्हणतेय, धरण फुटायचं असतं तर मला आधी गुडघ्यात कळलं असतं."

"त्यांना फोन द्या."

सासूबाईंचा आवाज शांत होता. "हे बघ, तुझंच तर धरण ते. तू रोज बघतेस ना त्याच्याकडे? काल जेवताना तूच म्हणालीस, सगळं ठीक आहे."

"चुकीचं म्हणाले मी, आई. उठा."

पलीकडे पलंग करकरला आणि सासूबाई नणंदेला म्हणाल्या, "काठी दे गं माझी. हिचा आवाज बरा नाही."

तिला जाता येणार नव्हतं. साहेबांना दर पंधरा मिनिटांनी गळती हवी होती आणि यंत्रं तर सगळी चार नऊ सांगत होती. मर्यादेच्या पलीकडे किती, ते त्यांना सांगता येत नव्हतं. काका म्हणाले, "बादली आहे की." वीस लिटरची बादली आणि मनगटातलं घड्याळ घेऊन ते पुन्हा खाली उतरले. पत्र्यावरून पडणाऱ्या धारेखाली बादली धरायची, भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि बोगद्यातल्या भिंतीवरच्या फोनवरून वर सांगायचं. ती कागदावर पेनाने लिहून घेत होती.

अकरा वाजता अकरा सेकंद. सव्वाअकराला दहा. साडेअकराला पुन्हा दहा, आणि तिला वाटलं, थांबलं बहुतेक. पावणेबाराला नऊ. बाराला आठ.

"काका, वर या आता."

"एवढी एक बादली."

सव्वाबाराला सहा. आणि काका म्हणाले, "पोरी, आता बादलीच्या बाहेरच जास्त जातंय. त्याचं काय लिहायचं ते तू ठरव." त्यानंतर फोनमध्ये नुसती घरघर आली. मग तीही नाही.

साहेब तिच्या मागेच उभे होते. त्यांनी पोलिसांना फोन करून विचारलं, नदीकडची गल्ली रिकामी झाली का. पलीकडून उत्तर आलं, झाली, शेवटची गाडी भरली. साहेबांनी दीडची वाट पाहिली नाही. बारा चाळीसला दारं उघडली. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या आणि पुढचे तीन दिवस थरथरतच राहिल्या.

काका एकच्या सुमारास पायऱ्यांच्या दारातून बाहेर आले, कमरेपर्यंत भिजलेले, एका पायात बूट नाही. "फोन बुडाला," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. रजिस्टर त्यांनी शर्टाच्या आत घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मातीच्या भरावाची बाहेरची बाजू चाळीस मीटर रुंदीत खाली बसली. तिने ते कचेरीच्या गच्चीवरून पाहिलं. आवाज फार झाला नाही. दमलेला माणूस मटकन बसतो तसा तो उतार बसला आणि चिखलाची जीभ पार पायथ्याच्या कुंपणाबाहेर गेली. पण तोपर्यंत जलाशय चार मीटर उतरला होता. त्या उंचीवर आता पाणीच नव्हतं. वस्ती वाचली.

एक माणूस मात्र गेला. नदीकडच्या गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करणारा. पोलिसांच्या गाडीत सगळ्यांबरोबर बसून तो वर गेला होता आणि मागच्या वाटेने परत खाली आला होता, अवजारांची पेटी न्यायला. दीड वाजेपर्यंत वेळ आहे असं त्याला सांगितलेलं होतं. तो दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर खाली सापडला. चिमीच्या सायकलची साखळी त्यानेच बसवून दिली होती.

ती त्याच्या घरच्यांना भेटायला शाळेत गेली. अजून सगळे वर्गांतच राहत होते. त्याची बायको बाकावर बसून कोणाच्या तरी मुलाला भात भरवत होती. तिने हिला ओळखलं, बसायला जागा करून दिली.

"ते म्हणाले, दीडला अजून अवकाश आहे, पाच मिनिटांत जाऊन येतो," त्याची बायको म्हणाली. "तुम्ही लोकांनी सांगितलेली वेळ ते धरून चालायचे हो. तुमच्याकडे मशिनी आहेत ना सगळ्या."

ही जे सांगायला गेली होती ते हिला सांगता आलं नाही. भरवून झाल्यावर त्या बाईने ताट धुवायला नेलं, आणि ही तशीच उठून आली.

चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांच्यातल्या वयस्क बाई कमी बोलत. तिने त्यांना ती ओळ दाखवली, वहीचं पहिलं पान दाखवलं, माहितीपुस्तकातली ओळ दाखवली. मूळ फाइली जपून न ठेवल्याचंही आपणहून सांगितलं. साहेबांनी रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाले, सही माझी आहे, न वाचता केलेली आहे.

"अकरा दिवस आधी कळलं असतं तर?" त्या बाईंनी साहेबांना विचारलं.

"रोज थोडं थोडं सोडलं असतं," साहेब म्हणाले. "नदीकाठचा माणूस फार तर पाय ओले करून घरी गेला असता."

त्या बाईंनी लिहून घेतलं. मग पेनाचं टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, "ही ओळ आणखी कुठे वापरतात?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "मी इथल्यासाठीच लिहिली होती."

साहेबांचा चेहरा तिने तेव्हा पाहिला. बाटली उजेडात धरली होती तेव्हासुद्धा तो असा नव्हता.

"दोन वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "मी सगळ्या धरणांच्या कचेऱ्यांना पाठवली. मुख्य कचेरीने मागितली होती. आदर्श पद्धत म्हणून." ते तिच्याकडे वळले. "तुमच्या नावानेच पाठवली, मॅडम. तुम्हाला आनंद होईल म्हणून सांगणार होतो. राहून गेलं."

एकोणीस कचेऱ्या होत्या. मुख्य कचेरीचं पत्र निघायला आठवडा लागला असता, म्हणून तिने त्याच दुपारी फोन लावायला घेतले. चार ठिकाणी ती ओळ कोणी वापरलीच नव्हती. सहा ठिकाणी लगेच समजलं. त्यांनी ती तिथल्या तिथे बंद केली आणि संध्याकाळपर्यंत उलट फोन करून कळवलं की एखाददुसरं यंत्र सोडलं तर काळजीचं काही नाही. दोन ठिकाणी फोन उचलला नाही. एका ठिकाणी तिला सांगण्यात आलं की लेखी आदेशाशिवाय आम्ही काही बंद करत नाही.

चौदाव्या कचेरीत एका तरुण माणसाने फोन घेतला. तिने कुठून बोलतेय ते सांगितल्यावर त्याचा आवाज खुलला.

"अरे वा, तुम्हीच का त्या? तुमची ओळ म्हणजे काय आहे, मॅडम. आमचे दोन तास वाचतात रोज. आम्ही तर त्यात थोडी सुधारणा पण केलीय, आलेला आकडा सरासरीपेक्षा फार वर गेला तरी तो काढून आधीचाच ठेवते."

ती खुर्चीत सरळ बसली. "तुमच्या खाचेचा आकडा बघता का जरा? आजचा."

बटणांचा आवाज आला. "बावीस पॉइंट आठ."

"आणि गेल्या महिन्यात?"

"थांबा हं." पुन्हा बटणं. "बावीस पॉइंट आठ. त्याच्या आधीही तेच. आमचं धरण एकदम शांत आहे, मॅडम. मी इथे रुजू झाल्यापासून आकडा हललेला नाही."

"तुम्ही केव्हा रुजू झालात?"

"सात महिने झाले."

"तुमच्या बोगद्यात रोज कोण उतरतं?"

"बोगद्यात?" तो हसला. "आता कोणी नाही उतरत. एक म्हातारे होते, ते निवृत्त झाले. ती जागा मग भरलीच नाही. गरजच राहिली नाही ना."

तिने फोन कानाशी तसाच धरून समोरच्या नकाशावर ते धरण शोधलं. त्याच्या खाली नदी होती, आणि नदीवर एकामागून एक गावांचे ठिपके.

"ऐका," ती म्हणाली. "बॅटरी घ्या आणि काचेची एक बाटली घ्या. आत्ता खाली उतरा. मी फोन ठेवत नाही."

"आत्ता? मॅडम, किल्ली शोधावी लागेल. ते दार उघडून किती दिवस झाले कोणास ठाऊक."

"शोधा."

त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं लांब गेली, कपाटाचा खण ओढल्याचा आवाज, कोणाला तरी विचारणं, पुन्हा पावलं. एक दार बऱ्याच प्रयत्नांनी उघडलं. त्यानंतर ती नुसती ऐकत बसली. बोगदेकाका तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि काही न विचारता त्यांनीही कान जवळ आणला.